साडेतीन हजार वर्षांपूर्वीची दावण

गेल्या हिवाळ्यात आमच्या महाविद्यालयाच्या राष्ट्रीय सेवा योजनेचे शिबिर गंगाखेड तालुक्यातील राणीसावरगाव येथे भरले होते. दिवसा श्रमदान आणि संध्याकाळी गावकऱ्यांसाठी व्याख्यान असा क्रम होता. एका संध्याकाळी ठरलेले वक्ते येऊ शकले नाहीत. इतिहास हा माझा विशेष विषय असल्यामुळे सरांनी ऐन वेळी मलाच उभे केले. मी आपला परीक्षेसाठी तयार केलेला सातवाहनांचा धडा म्हणून दाखवला. सिमुक, सातकर्णी, गौतमीपुत्र, पुळुमावी, राजधानी पैठण, व्यापार, लेणी, नाणी. दहा मिनिटांत माझा साठा संपला. समोर बसलेली माणसे सभ्यपणे गप्प होती. त्यांना कंटाळा आला आहे हे मला दिसत होते.

मग सर म्हणाले, "कुणाला काही विचारायचे असेल तर विचारा." मागच्या बाजूला बसलेल्या एका बाई म्हणाल्या, "राजाचं ऱ्हाऊ द्या. त्या टायमाला बाया दळत कशानं व्हत्या?" लोक हसले, पण त्या प्रश्नाने बांध फुटला. एका मुलाने विचारले, तेव्हा कुत्री होती का? दुसऱ्याने विचारले, आपल्याकडे गेंडे होते का? मिरची परदेशातून आली म्हणतात, मग त्या आधी कालवणात काय घालायचे? गाईचे दूध काढत होते का, की नुसती वासरांनाच पाजत? शेवटी खांबाला टेकून बसलेले एक म्हातारे आजोबा म्हणाले, "लेकरा, दुस्काळ पडल्यावर जनावरायचं काय करीत व्हते, तेवढं सांग."

यांपैकी एकाचेही उत्तर मला धड देता आले नाही. बी. ए. च्या तिसऱ्या वर्षापर्यंत मी राजांची नावे पाठ केली होती. दावणीला काय बांधलेले असे हे मला कुणी विचारलेच नव्हते. परत आल्यावर दोन महिने ग्रंथालयात बसून जे वाचले, सरांशी वाद घालून जे समजून घेतले, ते या लेखात मांडत आहे. प्रश्न ज्या क्रमाने विचारले गेले त्या क्रमाने मात्र उत्तरे येणार नाहीत.

प्रथम हे सांगितले पाहिजे की अशा प्रश्नांची उत्तरे शिलालेखांत व ताम्रपटांत फारशी सापडत नाहीत. दान कोणी दिले आणि गाव कोणाला दिले हे ताम्रपट सांगतो. त्या गावात सकाळी चूल कशी पेटे ते सांगत नाही. त्यासाठी उकिरडा उकरावा लागतो. पुरातत्त्ववेत्त्यांचे निम्मे काम उकिरडे उकरण्याचे असते असे म्हटले तर ते रागावणार नाहीत. फुटकी मडकी, जळलेले धान्य, फेकलेली हाडे आणि राख हीच त्यांची कागदपत्रे.

महाराष्ट्रात असा सर्वांत बोलका उकिरडा सापडला तो इनामगावला. पुणे जिल्ह्यात, शिरूर तालुक्यात, घोड नदीच्या काठी हे गाव आहे. पुण्याच्या डेक्कन कॉलेजने १९६८ पासून पुढे एक तपाहून अधिक काळ तेथे उत्खनन केले. डॉ. हसमुख सांकलिया, डॉ. मधुकर ढवळीकर व डॉ. अन्सारी ही त्यातील प्रमुख नावे. इ. स. पू. १६०० च्या सुमारास तेथे पहिले शेतकरी येऊन राहिले आणि इ. स. पू. ७०० च्या सुमारास वस्ती संपली. म्हणजे सलग नऊशे वर्षे एकाच जागी माणसे राहत होती. शंभराहून अधिक घरांच्या जमिनी उघड्या झाल्या. तांबे थोडे आणि दगडाची पाती पुष्कळ, असा तो काळ. म्हणून त्याला ताम्रपाषाणयुग म्हणतात. लोखंड ठाऊक नव्हते. लिपी नव्हती. त्यामुळे त्यांच्यापैकी एकाचेही नाव आपल्याला माहीत नाही, ते कोणती भाषा बोलत तेही माहीत नाही. पण त्यांनी काय खाल्ले आणि काय पाळले हे आपल्याला सातवाहन राजांच्या जेवणापेक्षा अधिक नेमके माहीत आहे. ही गंमत मला फार आवडली.

हाडांवरून हे कसे कळते? प्रत्येक प्राण्याच्या हाडाची व दाताची ठेवण वेगळी असते. अनुभवी अभ्यासक सांध्याजवळचा तुकडा पाहून गाय की सांबर हे सांगतो. शेळी आणि मेंढी यांची हाडे मात्र इतकी सारखी असतात की पुष्कळदा दोघांना एकाच रकान्यात घालावे लागते. दात किती झिजले आहेत यावरून मरताना जनावराचे वय काय होते याचा अंदाज येतो. सगळी जनावरे तरुणपणीच मेलेली दिसली तर ती मांसासाठी पाळली होती. म्हातारी होईपर्यंत जगवलेली दिसली तर ती दुधासाठी किंवा कामासाठी होती, असा तर्क करता येतो. हाडावर सुरीची चीर असेल तर ते कापलेले, काळे पडलेले असेल तर भाजलेले. आपले बाजारातले दलाल बैलाचा जबडा उघडून दात मोजतात, त्याच विद्येचा हा शास्त्रीय विस्तार आहे.

इनामगावच्या यादीत गाय-बैल, म्हैस, शेळी, मेंढी, डुक्कर आणि कुत्रा हे पाळीव प्राणी आहेत. म्हणजे त्या मुलाच्या प्रश्नाचे उत्तर मिळाले: कुत्री होती. गाढव व घोडाही आहे. पण घोडा उत्तरकाळात येतो. रानातले म्हणाल तर सांबर, चितळ, काळवीट, ससा, मुंगूस. नदीतले म्हणाल तर मासे, कासव, खेकडा आणि सुसरही. यांतील बहुतेकांच्या हाडांवर कापल्याच्या खुणा आहेत. गाईबैलांची हाडे पुष्कळ आहेत, आणि त्यांवरही अशा खुणा आहेत.

हे वाक्य लिहावे की वगळावे असा मी विचार केला. पोळ्याच्या दिवशी बैलाच्या पायावर पाणी घालणाऱ्या घरातला मी आहे. पण पुरावा आवडतो तेवढाच सांगायचा असेल तर इतिहास शिकण्याचे कारण उरत नाही. शिवाय पुरावा एवढ्यावर थांबत नाही. त्याच इनामगावात एका घराच्या जमिनीखाली मातीची एक झाकणाची पेटी पुरलेली सापडली. तिच्यात एक बिनडोक्याची स्त्रीमूर्ती आणि एक मातीचा बैल होता. मूर्तीला भोक आणि बैलाच्या पाठीवर भोक. मध्ये काडी घातली की मूर्ती बैलावर बसते. भाजलेली नाही, कच्च्या मातीची. म्हणजे कायमची पूजेला ठेवलेली नसून काही विशेष प्रसंगी करून पुरून टाकलेली असावी. जे लोक बैल खात होते तेच देवीला बैलावर बसवत होते. आपल्याला ही विसंगती वाटते; त्यांना वाटत नसावी.

येथे एक मोह आवरावा लागतो. राणीसावरगाव हे रेणुकामातेचे ठाणे, आणि रेणुकेच्या कथेत शिरच्छेद आहे. बिनडोक्याची इनामगावची देवी आणि रेणुका यांची सांगड घालण्याचा विचार माझ्या मनात लगेच आला आणि मी उत्साहाने सरांकडे गेलो. सर म्हणाले, "मध्ये दोन हजार वर्षांचे अंतर आहे, त्यावर पूल बांध आणि मग ये." तो पूल मला बांधता आला नाही. तेरला व भोकरदनला सातवाहनकाळातील स्त्रीमूर्ती सापडल्या आहेत, पण दोन-चार दगड म्हणजे पूल नव्हे.

बैल खाण्यासाठी होता तसा तो कामासाठीही होता. इनामगावजवळच्या वाळकी येथे हाडापासून बनवलेला नांगराचा फाळ सापडला आहे. लोखंड नव्हते, लाकूड झिजते, म्हणून हाड. काळ्या रानात हाडाचा फाळ कितीसा खोल जाणार, अशी शंका माझ्या चुलत्यांनी काढली; ती रास्त आहे. पण नदीकाठच्या मऊ मळईच्या जमिनीत तेवढी रेघ पुरत असावी. आणि बैल गाडीलाही जुंपत होते. याचा सर्वांत देखणा पुरावा दायमाबादचा.

दायमाबाद अहिल्यानगर (पूर्वीच्या अहमदनगर) जिल्ह्यात श्रीरामपूर तालुक्यात प्रवरेच्या काठी आहे. प्रवरा पुढे गोदेला मिळते आणि तेच पाणी पैठणवरून आपल्या गंगाखेडला येते. १९७४ साली तेथे एका भिल्ल बांधवाला झाडाच्या बुंध्याशी खणताना चार वस्तू सापडल्या. ब्राँझच्या, भरीव, सगळ्या मिळून साठ किलोंहून अधिक वजनाच्या. हत्ती, गेंडा, म्हैस आणि एक रथ. रथाला दोन बैल जुंपलेले, मागे उभा असलेला माणूस, आणि दांडीवर चक्क एक कुत्रा उभा! हत्ती, गेंडा व म्हैस यांनाही चाके जोडण्याची सोय आहे. ती खेळणी खासच नव्हेत. एवढी जड खेळणी कोणते मूल ओढील? मिरवणुकीत ओढायची असावीत असे काही अभ्यासक मानतात. त्यांच्या काळाबद्दल विद्वानांत मतभेद झाले, कारण त्या खणून काढल्या तेव्हा तेथे पुरातत्त्ववेत्ता हजर नव्हता आणि धातूत सोमलाचे प्रमाण अधिक निघाले. पुढे दायमाबादला रीतसर उत्खनन झाले आणि वस्तीचे अनेक थर उघडे झाले. तरीही या चार मूर्तींविषयीचा वाद पुरता मिटला नाही. मी मात्र त्या बैलांच्या जोडीचे छायाचित्र पाहून थक्क झालो. शिंगे वर उचललेली, वशिंड, मानेवरचे जू. ज्याने घडवले त्याने बैल रोज पाहिला होता.

मग गेंडा? ज्याने हा गेंडा ओतला त्यानेही गेंडा पाहिला असावा किंवा पाहिलेल्याकडून शिकला असावा. सिंधू संस्कृतीच्या मुद्रांवर गेंडा आहेच. गुजरातेत लांघणज येथे डॉ. सांकलियांना गेंड्याचे खांद्याचे हाड सापडले होते, आणि मध्याश्मयुगीन माणसांनी ते ठोकण्यासाठी ऐरणीसारखे वापरलेले होते. म्हणजे गेंडा आज आसामात राहतो म्हणून तो नेहमी आसामातच होता असे समजू नये.

त्या मुलाने गेंड्याऐवजी शहामृगाचे विचारले असते तर मी याहून मोठा धक्का देऊ शकलो असतो. जळगाव जिल्ह्यात चाळीसगाव तालुक्यात पाटणे म्हणून गाव आहे. तेथे डॉ. साळी यांनी १९७० नंतरच्या काळात उत्खनन केले. उत्तर पुराश्मयुगीन थरात शहामृगाच्या अंड्यांची टरफले सापडली. एका तुकड्यावर आडव्यातिडव्या रेघांची नक्षी कोरलेली, आणि टरफलाचे मणीही. काळ सुमारे पंचवीस हजार वर्षांपूर्वीचा. पुष्कळांना हे खरे वाटेना. २०१७ मध्ये हैदराबादच्या पेशी व रेणुजीवशास्त्र केंद्रातील संशोधकांनी भारतातील अशा जुन्या टरफलांतून आनुवंशिक द्रव्य काढून तपासले आणि ती आफ्रिकेतल्या शहामृगाच्याच कुळातली निघाली. त्याही आधी गोदावरी-मांजरेच्या खोऱ्यांत आजच्या हत्तीहून थोर हत्ती हिंडत होते. त्यांचे जीवाश्म नांदूरमध्यमेश्वरला आणि लातूर जिल्ह्यात मांजरेच्या काठी मिळाले आहेत. पैठणजवळच्या मुंगी येथे १८६५ च्या सुमारास वाइन नावाच्या भूगर्भशास्त्रज्ञाला गोदेच्या थरात प्राण्यांच्या जीवाश्मांबरोबर माणसाने घडवलेली अकीक दगडाची छिलका मिळाली होती. आपल्याकडे नदीतली वाळू इतक्या घाईने उपसली जाते की असे काही निघाले तरी ते कुणाच्या तरी पायात भरले जाईल. असो.

आता त्या बाईंच्या प्रश्नाकडे येतो, कारण खरा तोच मला सर्वांत अवघड गेला. बाया दळत कशानं व्हत्या?

मी आधी समजत होतो की जाते हे फार प्राचीन. तसे नाही. इनामगावच्या घरांतून जाते सापडत नाही. सापडतो तो मधे खोलगट झालेला लांबट दगड आणि त्यावर घासायचा हातातला दगड. आपल्या पाट्यावरवंट्याचा आजोबाच. गोल फिरणारे, दोन तळ्यांचे जाते आपल्याकडे सातवाहनकाळाच्या आसपास दिसू लागते. तोवर हजारो वर्षे बायका गुडघे टेकून, पुढे ओणवे होऊन, दोन्ही हातांनी दगड पुढेमागे सारत पीठ करत होत्या. सीरियातील अबू हुरेरा नावाच्या अतिप्राचीन खेड्यातील स्त्रियांच्या सांगाड्यांत गुडघे, पाठीचे मणके आणि पायाचे अंगठे याच कामाने झिजलेले व वाकलेले आढळले आहेत. रोज कित्येक तास पायाची बोटे दुमडून बसावे लागे, त्याची खूण हाडावर राहिली. राजाच्या विजयाची खूण शिळेवर राहते, दळणाची हाडावर.

यावरून मी एक सिद्धांत रचला. गंगाखेड ही संत जनाबाईंची भूमी. जनाबाई म्हटले की जाते आणि जाते म्हटले की ओवी. तेव्हा गोल जात्याची लय आल्यावरच ओवी जन्मली असणार, त्याआधीच्या मागेपुढे घासण्यात गाणे कसले? माझ्या मते हा मोठा शोध होता. सरांनी शांतपणे मला मानसोल्लास काढून दिला. कल्याणीचा चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर याने ११२९ ते ११३१ च्या सुमारास रचलेला हा संस्कृत ग्रंथ. कल्याणी म्हणजे आजचे बसवकल्याण, आपल्यापासून फार दूर नव्हे. त्यात महाराष्ट्रातील स्त्रिया ओवी गातात असा स्पष्ट उल्लेख आहे. पण त्या दळताना नव्हे, कांडताना गातात असे राजा म्हणतो. उखळ-मुसळ जात्यापेक्षा पुष्कळच जुने. माझा सिद्धांत तेथेच आटोपला. तरी एक गोष्ट हाती लागली: सोमेश्वराला स्वयंपाकघराकडून येणारे गाणे ऐकू आले होते, आणि ते लिहून ठेवावे असे वाटले होते. राजांविषयीचे माझे मत त्यामुळे थोडे सुधारले.

हा मानसोल्लास कालवणाच्या प्रश्नालाही उत्तर देतो. मिरची मूळची अमेरिकेतली. पोर्तुगीजांबरोबर सोळाव्या शतकात ती इकडे आली. बटाटा, टोमॅटो, मका, पेरू, भुईमूग ही सारी त्याच खंडातून आलेली मंडळी. त्यामुळे सोमेश्वराच्या मुदपाकखान्यात तिखटपणा मिऱ्याचा, आल्याचा व मोहरीचा. आपण मिरचीला जे नाव दिले तेही मिऱ्यावरून. राजाच्या ताटात मांडे आहेत, आजच्या इडलीचा पूर्वज आहे, आणि शेतातले उंदीर भाजून करायचा एक पदार्थही आहे. हे वाचून वसतिगृहातील मित्रांनी खाणावळीबद्दलच्या तक्रारी दोन दिवस बंद ठेवल्या.

आणि ज्वारी? ज्वारीच्या भाकरीवर वाढलेल्या परभणीकराला हे ऐकून बरे वाटणार नाही, पण ज्वारी मूळची आफ्रिकेतली, बाजरीही तिकडचीच. इनामगावच्या लोकांचे मुख्य पीक जव होते. शिवाय गहू, मसूर, वाटाणा, कुळीथ. रानातून बोरे, जांभळे, आवळे. कुळीथ, बोर आणि जांभूळ एवढ्यापुरते आपण त्यांच्या पंगतीला बसू शकतो. दुधाविषयी म्हणाल तर मडक्याच्या मातीत मुरलेला स्निग्धांश तपासण्याची पद्धत आता निघाली आहे; गुजरातेतील कोटडा भडली या सिंधूकालीन खेड्यातील खापरांत इ. स. पू. २५०० च्या सुमाराचा दुधाचा अंश २०२० साली सिद्ध झाला. म्हणजे इनामगाव वसण्याच्या नऊशे वर्षे आधी भारतात दूध भांड्यात काढले जात होते.

गुरे पाळण्याचा व्याप किती मोठा होता हे आपल्या दक्षिणेस तेलंगण-कर्नाटकात दिसते. तेथे राखेचे प्रचंड ढिगारे आहेत. लोक त्यांना राक्षसांची राख समजत. १९५७ साली ऑल्चिन नावाच्या इंग्रज पुरातत्त्ववेत्त्याने महबूबनगर भागातील उतनूर येथे एक ढिगारा खणला, तेव्हा कळले की ती शेणाची राख. कुंपण घालून गुरे कोंडायची, शेणाचे थर साठायचे, आणि अधूनमधून सारे पेटवून द्यायचे, असे शतकानुशतके चालले होते. आणि तळाशी काय, तर ओल्या जमिनीत उमटून तशाच राहिलेल्या गुरांच्या खुरांच्या खुणा! चार हजार वर्षांपूर्वी एक कळप संध्याकाळी आत शिरला, त्याचे पाय अजून तेथे आहेत.

इनामगावच्या घरांतली एक गोष्ट मी शिबिरात सांगितली नव्हती, पुढच्या खेपेस त्याच बाईंना सांगितली. मूल दगावले तर त्याला दोन मडक्यांत, तोंडाला तोंड लावून, राहत्या घराच्या जमिनीखाली पुरत. मोठ्या माणसाला डोके उत्तरेकडे करून आडवे पुरत आणि पुष्कळदा त्याचे पाय घोट्याखाली तोडलेले असत. मेलेला माणूस उठून चालू लागू नये म्हणून, असा तर्क आहे. मुलांचे पाय मात्र तोडलेले नसत. नेवाशाला अशाच एका मुलाच्या गळ्यात तांब्याच्या मण्यांची माळ होती, आणि तिच्या दोऱ्यात कापूस व रेशीम आढळले. पंडित लोक या दफनांवर पुष्कळ लिहितात. त्या बाई एवढेच म्हणाल्या, "लेकरू हाय ते. त्याला गावाभाईर कोन ठिवील?"

शेवटी आजोबांचा प्रश्न.

इनामगावच्या वस्तीच्या मधोमध एक पाच खणांचे मोठे घर होते आणि त्याला लागून धान्याचे कोठार. त्याच घराच्या अंगणात चार पायांच्या मोठ्या मातीच्या रांजणात मांडी घालून बसवलेल्या एका पुरुषाचे दफन मिळाले. हा गावचा प्रमुख असावा. त्याचे पाय तोडलेले नाहीत. कुंभार, सोनार असे कारागीर गावाच्या पश्चिम कडेला राहत. गावाला पुरापासून वाचवणारा बांध होता आणि पाणी वळवण्याचा पाटही. एवढे काम एका घराचे नव्हे, गावाने मिळून केलेले. जवाची पिके भरघोस येत असताना प्रमुखाच्या कोठारात साऱ्यांचा वाटा जमा होई आणि कमी पडल्यावर तेथूनच बाहेर निघत असावा. आपण त्याला कर म्हणू किंवा सोय म्हणू.

इ. स. पू. १००० च्या सुमारास हे बदलले. गोदा-प्रवरेच्या आणि तापीच्या खोऱ्यांतील बहुतेक ताम्रपाषाणयुगीन गावे याच सुमारास ओस पडली. इनामगाव टिकले, पण कसे टिकले ते पाहा. चौकोनी ऐसपैस घरे गेली आणि त्यांच्या जागी लहान गोल झोपड्या आल्या. मडकी ओबडधोबड झाली, त्यांवरची सुबक नक्षी गेली. गहू कमी झाला. डॉ. ढवळीकरांचे मत असे की पाऊस कमी झाला, हवा कोरडी झाली, शेती परवडेना आणि लोक अर्धभटके मेंढपाळ होऊ लागले. इतर विद्वानांनी याला शंका काढल्या आहेत. जमीन थकली असेल, जंगल तुटले असेल, एकाच कारणावर सगळे लादू नये असे ते म्हणतात. ते बरोबरही असेल. पण उकिरड्यातील हाडांचा हिशेब सरळ आहे. गाईबैलांचे प्रमाण घटते. शेळ्यामेंढ्या आणि रानातली हरणे यांचा वाटा वाढतो. आणखी तीनशे वर्षे असे रेटून इ. स. पू. ७०० च्या सुमारास तेही गाव सोडून गेले.

शिबिरानंतर तीन महिन्यांनी, मार्चमध्ये, मी एकटाच पुन्हा राणीसावरगावला गेलो आणि आजोबांना शोधून काढले. ओसरीवर बसून हे सारे त्यांना सांगितले. बैल का घटले आणि शेळ्या का वाढल्या हे समजावताना मी हवामानाबद्दल पुष्कळ बोललो. १९७२ च्या दुष्काळाची, २०१६ मध्ये मिरजेहून लातूरला पाणी नेणाऱ्या आगगाडीची उदाहरणे दिली. त्यांनी ७२ सालची खडी फोडलेली होती, त्यामुळे ते उदाहरण मी त्यांना द्यायला नको होते. ते ऐकत राहिले. मग म्हणाले, "बैलाला कडबा लागतो, पानी लागतं. शेळी काय, बाभळीवर पोट भरती. त्यायनी बी तेच केलं म्हन की."

मी म्हणालो, "हो, तसेच दिसते."

"मोठ्या घराचं कोठार व्हतं म्हनतोस. त्यातलं कडबा-दाणं बैलाला कोनी दिलं न्हाई?"

याचे उत्तर उत्खननाच्या अहवालात नाही.

ते उठून मागच्या अंगणात घेऊन गेले. गोठ्यात दगडी दावण होती, दोन बैलांची. लाल कंधारी जोडी होती, तीन वर्षांपूर्वी विकली, असे त्यांनी सांगितले. खुंटे तसेच होते. एका खुंट्याला तीन शेळ्या बांधल्या होत्या आणि दावणीत त्यांच्यापुढे बाभळीचा पाला टाकलेला होता.